आकाशाचा सातबारा

उपग्रहाद्वारे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची निवड हा विषय वरवर तांत्रिक वाटत असला, तरी मराठी कुटुंबात तो मुळात महसुली स्वरूपाचा आहे, हे या लेखाचे प्रतिपाद्य होय. जमिनीचा व्यवहार करताना जो गृहस्थ सातबारा डोळ्यांखालून घातल्याशिवाय इसाराचा एक रुपया हातातून सोडत नाही, तोच गृहस्थ आकाशाचा व्यवहार करताना ‘स्पीड किती मिळेल?’ एवढे एकच विचारतो. भोगवटादार कोण, आकार किती, पोटखराबा किती, कूळ कोण आणि इतर अधिकारांत कोणाकोणाची नावे घुसली आहेत, या खऱ्या प्रश्नांना तो हात लावत नाही. सातबारा म्हणजे गावनमुना सात, अर्थात अधिकार अभिलेख, आणि गावनमुना बारा, अर्थात पिकांची नोंदवही, या दोहोंचा एकत्रित उतारा. आकाशाचा असा उतारा कोणत्याही तहसील कार्यालयात मिळत नसल्यामुळे तो येथे उपलब्ध पुराव्यांवरून तयार केला असून, नमुना म्हणून नवी मुंबईतील तळवली हे गाव घेतले आहे.

गाव

तळवली हे गाव आहे की शहर आहे, हा या अभ्यासातील पहिला आणि सर्वांत चिवट प्रश्न ठरतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात घणसोली आणि रबाळे यांच्या दरम्यान वसलेले हे आगरी वस्तीचे गाव, १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना होऊन ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या, त्या ओघात शहराच्या पोटात गेले आणि १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आल्यावर कागदोपत्री शहरच झाले. भातशेती गेली, तरी गावठाण उरले. गावठाण म्हणजे गावाची जुनी राहती जागा. ती शेतजमीन नसल्याने तिला शेतसारा नाही आणि म्हणून बहुधा सातबाराही नाही. तेव्हा ज्या गल्लीतल्या घरांना जमिनीचा सातबारा मिळत नाही, त्या गल्लीत उभे राहून आकाशाचा सातबारा मागणे हे धाडसाचे असले, तरी गैरवाजवी म्हणता येणार नाही.

ही व्याख्येची कुरबूर निव्वळ शाब्दिक नाही, कारण तिच्यात पैसा गुंतलेला आहे. दूरसंचार क्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या ‘ट्राय’ या प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये अशी शिफारस केली, की उपग्रह कंपन्यांनी आपल्या महसुलाच्या चार टक्के रक्कम लहरींच्या वापराबद्दल सरकारला द्यावीच, शिवाय काही प्रकारच्या उपग्रहसेवांत प्रत्येक शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये अधिक भरावेत. ग्रामीण ग्राहकामागे मात्र हा जादा भार नसावा. या शिफारशीच्या उजेडात तळवलीकडे पाहिले, तर ज्या घरापुढे गावदेवीच्या जत्रेची पालखी थांबते, ज्या घरातील लग्नाच्या हळदीला अख्खा गाव जेवायला असतो आणि ज्या घराचा पत्ता ‘मु. पो. तळवली’ असा सांगितला जातो, ते घर पाचशे रुपयांपुरते शहरी ठरते. महापालिकेचा मालमत्ता कर किंवा उपग्रहाचा अधिभार भरताना गाव आणि एरवी शहर, अशी सोयीस्कर अदलाबदल करण्याचे कसब गावकऱ्यांच्या अंगी आहे खरे, पण याबाबतीत दोन्ही वेळा घेणारा हात सरकारचाच असल्याने ते कसब निरुपयोगी ठरते.

दुसरा पुरावा राज्य सरकारकडून मिळतो. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राने स्टारलिंक या अमेरिकी कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली. दुर्गम भागातील शासकीय संस्था आणि गावे उपग्रहाने जोडण्यासाठी असे पाऊल उचलणारे हे देशातील पहिलेच राज्य. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम या जिल्ह्यांची नावे आहेत. म्हणजे यादीत वाशीम आहे, वाशी नाही. एका ‘म’मुळे नवी मुंबईचा अंतराळाशी येऊ घातलेला योग हुकला, असे मानायला हरकत नाही.

मात्र तळवलीतील ग्रामीण घराचा खरा शोध गावठाणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर लागतो. मूळ आगरी घरमालकाने गरजेपोटी चढवलेल्या या मजल्यांवर जे भाडेकरू राहतात, त्यांत वाशीच्या बाजार समितीत ओझे वाहणारे माथाडी कामगार आणि त्यांची पुढची पिढी मोठ्या संख्येने असून, यांतील अनेकांचे मूळ सातारा जिल्ह्यातील पाटण, जावळी या डोंगरी तालुक्यांत आहे. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील हेही पाटण तालुक्यातलेच. या वर्गाच्या भाषेत एक बारकावा आढळतो, तो असा की तळवलीतील निवाऱ्याला तो कधीही ‘घर’ म्हणत नाही. ती ‘रूम’ असते. वीस वर्षे राहिली, मुले तिथेच पदवीधर झाली, तरी ती रूमच. आणि ‘घरी चाललोय’ असे तो म्हणाला, की एसटीचे आरक्षण झालेले आहे असे समजावे. ज्या ग्रामीण घरासाठी कंपनी निवडायची ते घर कोयनेच्या खोऱ्यात, निवडणारा तळवलीत आणि वापरणारी आई त्या घराच्या पडवीत, असा हा त्रिस्थळी व्यवहार असतो. त्या गावात मोबाईलची रेंज नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती आहे, परंतु मारुतीच्या देवळाच्या पारावर, तिसऱ्या पायरीवर, पूर्वेकडे तोंड करून उभे राहिल्यास.

भोगवटादार

सातबाऱ्यावर ज्याच्या नावे जमीन लागलेली असते, तो भोगवटादार. आकाशाच्या बाबतीत हा रकाना सुरुवातीपासूनच वादग्रस्त आहे. १९६७ च्या बाह्य अंतराळ करारानुसार कोणत्याही राष्ट्राला अंतराळावर मालकी सांगता येत नाही; तथापि ३ डिसेंबर १९७६ रोजी विषुववृत्तावरील आठ देशांनी बोगोटा येथे एकत्र येऊन, आपल्या डोक्यावरची भूस्थिर कक्षा ही आपलीच नैसर्गिक संपत्ती असल्याचे जाहीर केले. भूस्थिर कक्षा म्हणजे विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवरील ती वाट, जिथे उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याइतक्याच गतीने फिरतो आणि म्हणून खालून पाहणाऱ्याला एकाच जागी खिळल्यासारखा वाटतो. आपल्या बांधावर दुसऱ्याचा माणूस कायमचा उभा दिसला तर कोणीही भोगवट्याचा प्रश्न काढणारच. बोगोटाच्या दाव्याला जगाने दाद दिली नाही, पण महाराष्ट्रातील बांधाच्या भांडणांशी परिचय असलेल्या वाचकाला तो दावा अनोळखी वाटणार नाही.

आकाशातील जमिनीची प्रतवारी मुख्यत्वे उंचीवरून होते. सर्वांत वर भूस्थिर उपग्रहांची मोजकी, जुनी आणि वजनदार घराणी आहेत. इस्रोचा ५,८५४ किलो वजनाचा जीसॅट-११ हा ५ डिसेंबर २०१८ रोजी फ्रेंच गयानातून सुटून ७४ अंश पूर्व रेखांशावर स्थिरावला, तो यांतलाच. त्याच्या आणि जीसॅट-२९ च्या जोरावर ह्यूज कम्युनिकेशन्स इंडिया ही कंपनी २०२२ पासून अधिक क्षमतेची उपग्रह सेवा देते. मधल्या थरात, सुमारे ८,००० किलोमीटरवर, लक्झेंबर्गच्या एसईएस कंपनीचे उपग्रह फिरतात आणि जिओने त्यांच्याशी भागीदारी केली आहे. खालच्या थरात १,२०० किलोमीटरवर वनवेबचे उपग्रह आहेत, ज्यांपैकी ७२ उपग्रह इस्रोने ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये दोन खेपांत श्रीहरिकोट्याहून वर नेले. आणि त्याहूनही खाली, सुमारे ५५० किलोमीटरवर, स्टारलिंकच्या हजारो उपग्रहांची वर्दळ आहे. उपग्रह जितका खाली, तितके त्याचे क्षेत्र लहान आणि तितका तो लवकर नजरेआड होतो. म्हणून वरच्या थरात एक उपग्रह अर्धे खंड सांभाळतो, तर खालच्या थरात एका गावावरून दिवसभर उपग्रहांची दिंडी जात राहते आणि छतावरच्या डिशला दर काही मिनिटांनी नवा वारकरी धरावा लागतो.

या सर्व भोगवटादारांबाबत तळवलीकरांची अडचण वेगळीच आहे. दुर्गम खेड्यांना आकाशातून जोडणाऱ्या कंपन्यांपैकी जिओचा कारभार ज्या प्रशस्त आवारातून चालतो, ते आवार घणसोलीत. आणि टाटा समूहाची, अनेक वर्षे उपग्रह संपर्कसेवा देणारी नेल्को कंपनी महापेच्या औद्योगिक वसाहतीत. नेल्को हे नाव जुन्या पिढीला रेडिओमुळे माहीत आहे, कारण १९४० साली स्थापन झालेल्या नॅशनल रेडिओ अँड इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचेच ते लघुरूप. तळवलीच्या नाक्यावरून या दोन्ही ठिकाणी रिक्षा जाते. म्हणजे अंतराळाची दोन कार्यालये रिक्षाच्या टप्प्यात असूनही पारावरच्या तिसऱ्या पायरीचा प्रश्न सुटलेला नाही. या प्रकाराला महाराष्ट्रात परंपरा आहे. देशातील पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र १९७० च्या दशकाच्या आरंभी पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळच्या आर्वी येथे उभे राहिले आणि त्याला विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. ज्या परिसरात तमाशाचे फड मुक्काम ठोकून सुपाऱ्या घेत, त्याच परिसरातली ती अजस्र बशी देशाची परदेशांशी होणारी संभाषणे झेलत असे. मात्र त्याच काळात जुन्नर तालुक्यातल्या माणसाला मुंबईतल्या भावाशी बोलायचे झाले, तर ट्रंक कॉल नोंदवून पोस्टाच्या बाकावर वाट पाहत बसणे भाग होते. संदेश गावावरून जाणे आणि संदेश गावात येणे या दोन स्वतंत्र घटना आहेत, हा नियम आर्वीने सिद्ध केला आणि तळवली तो पाळत आहे.

आकार

सातबाऱ्यातील ‘आकार’ म्हणजे जमिनीवर बसवलेला सारा. आकाशाच्या साऱ्याबाबत जी माहिती उपलब्ध आहे, ती एका जुन्या म्हणीत पूर्णपणे सामावते: बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. स्टारलिंकने २०२१ च्या सुरुवातीला भारतीय ग्राहकांकडून ९९ डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे सात हजार रुपये, आगाऊ घेऊन नोंदणी सुरू केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने, या कंपनीकडे परवानाच नसल्याने कोणी पैसे भरू नयेत, असे जाहीर केले आणि पुढे कंपनीने रकमा परत केल्या. परवाना म्हणजे ‘जीएमपीसीएस’, अर्थात उपग्रहावरून वैयक्तिक संपर्कसेवा देण्याची केंद्राची अनुमती. ती वनवेबला २०२१ मध्ये, जिओच्या उपग्रह कंपनीला २०२२ मध्ये आणि स्टारलिंकला जून २०२५ मध्ये मिळाली. याच काळात लहरींचे वाटप लिलावाने करावे की सरकारी निर्णयाने, या प्रश्नावर देशी कंपन्या एका बाजूला आणि परदेशी कंपन्या दुसऱ्या बाजूला असा वाद रंगला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने उपग्रहसेवेसाठी दुसरा मार्ग नेमून दिल्याने लिलावाची दवंडी पिटण्याचे टळले. मार्च २०२५ मध्ये तर एअरटेल आणि जिओ या दोघांनीही, एकमेकांच्या पाठोपाठ दोन दिवसांत, त्याच स्टारलिंकशी करार केले. भांडणारे भाऊबंद एकाच पंगतीत जेवताना दिसणे हे लग्नसराईत नवे नाही.

दराचे म्हणाल, तर केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्री पेम्मसानी चंद्रशेखर यांनी जुलै २०२५ मध्ये महिन्याला सुमारे ३,००० रुपये असा अंदाज वर्तवला आणि स्टारलिंकला भारतात २० लाखांपेक्षा अधिक ग्राहक घेता येणार नाहीत, असेही सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीच्या भारतासाठीच्या संकेतस्थळावर महिन्याला ८,६०० आणि साहित्याचे ३४,००० रुपये असा दर झळकला. तळवलीपासून तळेगावपर्यंत त्याची चर्चा झाली, आणि मग कंपनीने खुलासा केला, की ते संकेतस्थळ अजून सुरूच झालेले नसून चाचणीसाठी भरलेले खोटे आकडे चुकून दिसले. २०२५ हे साल संपेपर्यंत स्टारलिंकची घरगुती सेवा भारतात विक्रीला आलेली नव्हती. परंतु जेवढा वेळ तो आकडा खरा मानला गेला, तेवढ्या वेळात असंख्य मराठी घरांत ‘एवढ्यात तर एक म्हैस येते’ हे वाक्य उच्चारले गेले असणार, याबद्दल संशय घेण्याचे कारण नाही. कारण मराठी माणसाच्या हिशेबात चाळीस हजारांवरच्या कोणत्याही वस्तूचे रूपांतर प्रथम जनावरात आणि नंतर तोळ्यांत होते.

या साऱ्यात एक पोटसारा दडलेला आहे, तो विजेचा. खालच्या थरातल्या उपग्रहांची डिश साधारण ७५ ते १०० वॅट वीज खाते. शंभर वॅट धरले, तर दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ युनिट होतात. ज्या घरात दोन बल्ब, एक पंखा आणि एक दूरदर्शन संच एवढाच संसार आहे, तिथे आकाशातला हा पाहुणा यजमानापेक्षा जास्त खातो. शिवाय उपग्रह अंतराळात असला तरी वीज महावितरणचीच असते. आणि आषाढात तार तुटून डोंगरातले गाव दोन दिवस अंधारात गेले, की डोक्यावरून हजारो उपग्रह तासाला सुमारे सत्तावीस हजार किलोमीटर वेगाने जात असतात आणि खाली आई देवापुढच्या समईत तेल घालत असते.

पोटखराबा

ज्या तुकड्यात पीक येत नाही, त्याला महसुली भाषेत पोटखराबा म्हणतात. आकाशाचा पोटखराबा दोन प्रकारचा आहे: पाऊस आणि झाड.

उपग्रहसेवेच्या लहरींची लांबी एक-दोन सेंटिमीटरच्या घरात असते. त्यामुळे पावसाचे टपोरे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. डीटीएचची छत्री असलेल्या प्रत्येक कुटुंबाला हा सिद्धान्त अनुभवाने ठाऊक आहे, कारण मालिकेत खलनायिका पत्र उघडते नेमक्या त्या क्षणी पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. पाटण तालुक्यातल्या नवजासारख्या ठिकाणी एका मोसमात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस जाणे अपूर्वाईचे नाही. तेव्हा कोणतीही कंपनी घेतली, तरी आषाढ-श्रावणात काही तास आकाशाकडून उत्तर येणार नाही, हे गृहीत धरावे लागते. पारावरची तिसरी पायरीही त्या दिवसांत निसरडी झालेली असते, ही गोष्ट अलाहिदा.

झाडाचा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि कंपनीची निवड खऱ्या अर्थाने तिथेच होते. खालून धावणारे उपग्रह क्षितिजाच्या निरनिराळ्या दिशांनी येत असल्याने त्यांच्या डिशला उलट्या ठेवलेल्या टोपलीएवढे रुंद, मोकळे आकाश लागते. मधे एखादी फांदी आली, की दर काही मिनिटांनी संपर्क तुटतो आणि ज्या फोनने आधी आकाशाची पाहणी केलेली असते, त्यावर तो भाग लाल रंगाने दाखवला जातो. भूस्थिर उपग्रह मात्र जागचा हलत नाही. जीसॅट-११ चा ७४ अंश रेखांश हा जवळजवळ पाटणचाच रेखांश असल्याने, तिथल्या अंगणातून तो बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे सत्तर अंशांवर, म्हणजे जवळपास डोक्यावर असतो, आणि त्याला वहीच्या पानाएवढी फट मिळाली तरी पुरते. यावरून निवडीचा एक शास्त्रीय निकष हाती लागतो, जो कोणत्याही माहितीपत्रकात आढळत नाही: घराचा आंबा कोणत्या बाजूला आहे?

तळवलीतील रूममध्ये बसून हा निकष मांडणे सोपे आहे. गावच्या पडवीत तो मांडताच चर्चा संपते. दाराशी उभा असलेला रायवळ आंबा आजोबांनी लावलेला असतो, त्याच्या लोणच्याच्या बरण्या दर जूनमध्ये एसटीच्या सीटखालून तळवलीला येत असतात, आणि ‘फांदी छाटली तर नेट येईल’ हे वाक्य ज्या मुलाने उच्चारले त्याला त्या वर्षी बरणी मिळेलच, याची शाश्वती नसते. डिश झाडाच्या शेंड्यावर बांधण्याचा पर्याय सुचवणारा एक पुतण्या प्रत्येक कुटुंबात असतो. तथापि कोयना खोऱ्यातील वानरांना गोल, पांढऱ्या आणि किंचित उबदार वस्तूवर बसायला मनापासून आवडेल, ही शक्यता त्याने विचारात घेतलेली नसते. उलट खुद्द तळवलीत झाड नाही, वानर नाही, पण आकाशच नाही. गावठाणातल्या दोन इमारतींमधून वर पाहिले, तर दिसणारी निळी पट्टी केबलच्या तारा, पाण्याच्या काळ्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी आणि शेजारच्या टेरेसवरचा मोबाईलचा मनोरा यांत वाटली गेलेली असते. गावात आकाश आहे आणि त्यात आंबा आहे. तळवलीत आंबा नाही आणि म्हणून आकाश मोकळे झाले असेही नाही.

कूळ

दुसऱ्याच्या जमिनीत राबणारा तो कूळ. आकाशाचे कूळ म्हणजे ग्राहक. आणि त्याचे पीक म्हणजे बोलणे. पीक पाहणीत उंचीचा फरक अगदी ठळक दिसतो. प्रश्न वर जाऊन खाली येणे आणि उत्तर वर जाऊन खाली येणे अशा चार टप्प्यांत भूस्थिर उपग्रहावरून संदेशाला सुमारे १,४३,००० किलोमीटर प्रवास घडतो आणि प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. आठ हजार किलोमीटरच्या थरात हाच काळ सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा, तर साडेपाचशे किलोमीटरवर तो नगण्य होतो. यंत्राच्या दृष्टीने अर्धा सेकंद म्हणजे किरकोळ विलंब. परंतु ‘या दिवाळीला येणार ना रे?’ या प्रश्नानंतर पडलेली अर्ध्या सेकंदाची शांतता मराठी आईला पुरेशी बोलकी असते, आणि त्यानंतर आलेला होकार तिच्या लेखी सुनेला विचारून दिलेला होकार ठरतो. भूस्थिर सेवा घ्यायची असेल, तर आकाश कमी लागेल आणि खुलासे जास्त करावे लागतील. खालची सेवा घ्यायची असेल, तर खुलासे वाचतील आणि आंबा जाईल. सगळी तांत्रिक चर्चा शेवटी या एका तराजूत येऊन बसते.

हा तराजू धरण्याचे काम कूळ स्वतः करत नाही. ते ‘आयटीतल्या भाच्या’कडे सोपवले जाते. हा भाचा ऐरोलीच्या एखाद्या काचेच्या इमारतीत नोकरीला असतो, त्याचे काम बँकेच्या आज्ञावलीतील चुका शोधण्याचे असते आणि उपग्रहाशी त्याचा संबंध नातेवाइकांनी लावलेला असतो. तो तक्ता करतो, थर समजावतो, ‘थांबा, अजून दर उतरतील’ असा निष्कर्ष काढतो आणि दोन वेळा पोहे खाऊन जातो. त्याचा सल्ला दरवर्षी अचूक ठरतो, कारण तो दरवर्षी हाच असतो.

इतर अधिकार

सातबाऱ्यातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत घातक रकाना ‘इतर अधिकार’ हा होय. पतसंस्थेचा बोजा, बहिणीचा हक्क, विहिरीतले पाणी, वहिवाटीची पायवाट असे सगळे त्यात असते, आणि खरेदीदाराला त्याचा पत्ता बहुधा साठेखतानंतर लागतो. आकाशाच्या उताऱ्यातही हा रकाना आहे. उपग्रहाकडून आलेला संदेश थेट दुसऱ्या घरात उतरत नाही. तो आधी ‘गेटवे’ नावाच्या भूकेंद्रावर उतरतो, तिथून जमिनीखालच्या फायबरने, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचतंतूने, पुढे जातो आणि माहिती साठवणाऱ्या डेटा सेंटरमधून फिरून ग्राहकापर्यंत येतो. अशी डेटा सेंटरे ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात दाटीवाटीने उभी आहेत. तात्पर्य, कोयनेच्या खोऱ्यातल्या पडवीतून निघालेला आईचा चेहरा साडेपाचशे किलोमीटर वर चढेल, तेवढाच खाली येईल, राज्य ओलांडून फायबरने धावेल आणि बहुधा तळवलीच्या शेजारच्या एखाद्या खिडक्या नसलेल्या थंड इमारतीला वळसा घालून गावठाणात शिरेल. त्यापुढचे शेवटचे शंभर मीटर केबलवाल्याचे.

हे शेवटचे शंभर मीटर म्हणजे विजेच्या खांबावरून गॅलरीकडे, गॅलरीतून पाण्याच्या पाइपाकडे आणि तिथून खिडकीच्या भोकातून आत आलेली एक काळी वायर होय. कोणत्या आकाशाशी करार झाला आहे याची तिला कल्पना नसते. गल्लीत हळदीचा मांडव पडला, बांबू उचलताना वायरीला हिसका बसला, की रूममधल्या राउटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकू लागतो आणि साऱ्या मजल्यावर एकच घोषणा होते: ‘लाल लाइट आलीये.’ मग घरमालकाला ‘शेठ, नेट गेलंय’ म्हणून कळवले जाते, शेठ केबलवाल्याला फोन लावतात, केबलवाला ‘राउटर बंद करून चालू करा’ हा मंत्र देतो, आणि संध्याकाळी शिडी खांद्यावर टाकून एक तरुण येतो, जो दातांनी वायरीचे आवरण सोलतो, काचतंतूचा जोड मारतो, चहा पितो आणि ‘आता नाही जाणार’ असे आश्वासन देऊन जातो. त्याचे आश्वासन पुढच्या हळदीपर्यंत टिकते. परंतु तो येतो. आणि कंपनी निवडताना मराठी कुटुंब नकळत ज्याची किंमत करते ती हीच गोष्ट असते. उपग्रहाचा सारा मोठेपणा मधला माणूस काढून टाकण्यात आहे. खांब नको, वायर नको, शिडी नको, डबा आला की स्वतःच उघडून लावायचा. ज्या समाजात घड्याळाचा सेल बदलायलाही ओळखीचा माणूस लागतो, त्याच्यापुढे हा गुण न मिरवता लपवून ठेवला असता तर विक्री अधिक झाली असती. गावच्या पडवीत डिश बंद पडली तर कोण येणार, या प्रश्नाला वरच्या, मधल्या आणि खालच्या अशा कोणत्याच थराकडे अद्याप नाव आणि मोबाईल क्रमांक असे सुटसुटीत उत्तर नाही.

म्हणून आकाशाचा उतारा वाचायचा तो तळापासून वर. आधी इतर अधिकारांत शिडीवाला आहे का ते पाहावे, मग आंब्याची दिशा, मग महावितरणची लहर आणि सर्वांत शेवटी उपग्रहाची उंची. कंपनीचे नाव त्यानंतर आपोआप ठरते किंवा भाच्याच्या पुढच्या भेटीपर्यंत ठरत नाही. जोवर ते ठरत नाही, तोवर जुनी व्यवस्था चालू राहते. रविवारी सायंकाळी ठरल्या वेळी आई पारावरची तिसरी पायरी गाठते आणि पूर्वेकडे तोंड करून नातवाला पाहू लागते. समोरचे चित्र गोठते. तळवलीत सगळे एका सुरात, गावाकडे रेंज नाही, डोंगर आडवा येतो, आता उपग्रहाशिवाय गत्यंतर नाही, असा निवाडा करतात, आणि तेवढ्यात पायरीवरून स्वच्छ, न अडखळता आवाज येतो, “आरं, हितं समदं झ्याक दिसतंय. तुझंच त्वांड अडाकलंय.” गल्लीत हळदीचा मांडव पडलेला असतो, आणि राउटरवर लाल दिवा.